चार्ल्स रॅडबर्न

चार्ल्स गार्डनर रॅडबर्न (जन्म : रोचेस्टर, न्यूयॉर्क, ११ डिसेंबर, १८५४, मृत्यू : ब्लूमिंग्टन, इलिनॉय, ५ फेब्रुवारी, १८९७) हे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या आरंभकाळातील एक अग्रगण्य पिचर होते. ‘ओल्ड हॉस’, म्हणजे म्हातारा घोडा, या टोपणनावाने ते ओळखले जात. थकवा न जाणवता ओझे ओढत राहणाऱ्या घोड्यासारखी त्यांची कामाची रीत असल्याने हे नाव त्यांना चिकटले. १८८४ च्या हंगामात प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघाकडून खेळताना त्यांच्या नावावर ५९ विजय जमा झाले. काही नोंदींत हा आकडा ६० असा आढळतो. यांपैकी कोणताही आकडा ग्राह्य धरला तरी एका हंगामातील सर्वाधिक विजयांचा हा विक्रम आजतागायत अबाधित आहे. नॅशनल लीगमध्ये त्या वर्षी सर्वाधिक विजय, सर्वाधिक स्ट्राइकआउट आणि सर्वांत कमी धावांची सरासरी या तिन्ही बाबतींत ते पहिले होते.

बेसबॉलमधील पिचर हा क्रिकेटमधील गोलंदाजासारखा असला, तरी सामन्याचा निकाल त्याच्या व्यक्तिगत खात्यात लिहिला जातो. संघ जिंकला की तो विजय एका विशिष्ट पिचरच्या नावे नोंदवतात आणि हरला की पराभवही एकाच पिचरच्या माथी येतो. रॅडबर्न यांचा विक्रम समजून घेताना ही पद्धत ध्यानात ठेवावी लागते.

बालपण

रॅडबर्न यांचे आईवडील चार्ल्स आणि कॅरोलाइन हे इंग्लंडमधून अमेरिकेत स्थलांतरित झाले होते. चार्ल्स यांच्या जन्मानंतर वर्षभरातच हे कुटुंब पश्चिमेकडे इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन या गावी जाऊन स्थायिक झाले. वडील खाटकाचा व्यवसाय करीत. मुलानेही काही काळ वडिलांच्या हाताखाली तेच काम केले. पुढे त्यांनी रेल्वेत ब्रेकमनची नोकरी धरली. त्या काळी मालगाडीच्या डब्यांच्या टपांवरून चालत जाऊन प्रत्येक डब्याचा ब्रेक हाताने चाक फिरवून आवळावा लागे आणि डबे एकमेकांना जोडण्याचे कामही ब्रेकमनच करीत. या कामात हातापायांची बोटे गमावणे ही नित्याची गोष्ट होती. ज्या हाताने पुढे इतिहास घडला तो हात या नोकरीतून शाबूत बाहेर आला, हे त्यांचे सुदैवच म्हणावे लागेल.

ब्लूमिंग्टन हे रेल्वेचे गाव असल्याने तेथील तरुणांमध्ये बेसबॉलचे वेड मोठे होते. रॅडबर्न यांचा खेळ तेथेच घडला. त्यांची उंची सुमारे ५ फूट ९ इंच होती. अंगाने ते धिप्पाड नव्हते.

व्यावसायिक कारकिर्दीचा आरंभ

१८७८ मध्ये रॅडबर्न यांनी पीओरिया रेड्स या संघाकडून खेळण्यास सुरुवात केली. पुढील वर्षी ते आयोवा राज्यातील ड्युब्यूकच्या संघात गेले. चार्ल्स कोमिस्की हे तेथे त्यांचे सहकारी होते, जे पुढे शिकागो व्हाइट सॉक्स या संघाचे मालक म्हणून प्रसिद्धीस आले. ड्युब्यूकच्या संघाने १८७९ मध्ये नॉर्थवेस्टर्न लीगचे विजेतेपद मिळवले.

१८८० मध्ये बफेलो बायसन्स संघाने त्यांना नॅशनल लीगमध्ये आणले. तेथे त्यांनी अवघे सहा सामने खेळले आणि तेही पिचर म्हणून नव्हे, तर क्षेत्ररक्षक म्हणून. फलंदाजी निष्प्रभ ठरली, खांदा दुखावला आणि संघाने त्यांना मोकळे केले. वयाच्या पंचविशीत ते परत ब्लूमिंग्टनला आले.

प्रॉव्हिडन्समधील पहिली तीन वर्षे

१८८१ मध्ये ऱ्होड आयलंड राज्याच्या प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाने रॅडबर्न यांना करारबद्ध केले. या संघाने १८७९ मध्ये नॅशनल लीगचे विजेतेपद पटकावले होते आणि जॉन माँटगोमेरी वॉर्ड हे त्याचे प्रमुख पिचर होते. रॅडबर्न यांनी वॉर्ड यांच्यासोबत पिचिंगची जबाबदारी वाटून घेतली आणि पहिल्याच वर्षी २५ सामने जिंकले, ११ गमावले. १८८२ मध्ये त्यांच्या विजयांची संख्या ३३ झाली आणि २०१ स्ट्राइकआउटसह ते लीगमध्ये पहिले आले. दोन्ही वर्षी संघ शिकागोच्या मागे दुसऱ्या स्थानी राहिला.

१७ ऑगस्ट, १८८२ रोजी डेट्रॉइटविरुद्धचा सामना बरोबरीत लांबत लांबत अठराव्या डावापर्यंत गेला. वॉर्ड पिचिंग करीत होते आणि रॅडबर्न त्या दिवशी उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षणास उभे होते. सामन्यातील एकमेव धाव त्यांच्याच होम रनमुळे निघाली आणि प्रॉव्हिडन्सने तो १-० असा जिंकला. पिचर म्हणून विश्रांतीचा दिवस असला, तरी संघात जागा रिकामी ठेवणे त्या काळी परवडत नसे. पिचरला त्या दिवशी दुसऱ्या जागी उभे केले जाई.

१८८३ च्या हंगामापूर्वी वॉर्ड न्यूयॉर्कला गेले आणि जवळजवळ सगळा भार रॅडबर्न यांच्यावर आला. हॅरी राइट हे त्या वर्षी संघाचे व्यवस्थापक होते. मूळचे इंग्लंडमधील शेफील्डचे असलेले राइट हे व्यावसायिक क्रिकेटपटूचे पुत्र होते व स्वतःही क्रिकेट खेळलेले होते. त्यांच्या हाताखाली रॅडबर्न यांनी ४८ विजय मिळवले. संघाचे एकूण विजय ५८ होते, यावरून त्यांच्या वाट्याचे प्रमाण लक्षात येते. २५ जुलै, १८८३ रोजी क्लीव्हलँडविरुद्ध त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता ८-० असा विजय मिळवला.

तत्कालीन पिचिंग

आजच्या बेसबॉलच्या चष्म्यातून १८८४ च्या आकड्यांकडे पाहिले, तर ते अशक्य कोटीतील वाटतात. त्यामुळे तेव्हाचा खेळ कसा होता हे पाहणे आवश्यक आहे.

पिचर आणि फलंदाज यांच्यातील अंतर आज ६० फूट ६ इंच आहे. ते १८९३ मध्ये निश्चित झाले. रॅडबर्न यांच्या वेळी पिचर जमिनीवर आखलेल्या एका चौकटीत उभा राहत असे आणि तिची पुढची रेषा फलंदाजापासून ५० फुटांवर होती. या चौकटीत त्याला पावले टाकून, उडी घेऊन चेंडू फेकण्याची मुभा होती. फलंदाजाला चेंडू उंचावर हवा की खाली, हे आधी सांगण्याचा अधिकार होता आणि पिचरला त्याच पट्ट्यात चेंडू टाकावा लागे. सहा वाईट चेंडू पडल्यावर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळे. आज चार चेंडूंवर मिळतो. मैदानावर बहुधा एकच पंच असे. बहुतेक क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी चेंडू झेलत.

१८८४ मध्ये नॅशनल लीगने खांद्याच्या वरून चेंडू फेकण्यास परवानगी दिली. अनेक तरुण पिचरांनी या मुभेचा लाभ घेऊन वेगावर भर दिला. रॅडबर्न मात्र प्रामुख्याने खालून किंवा बाजूने हात फिरवून चेंडू टाकत राहिले. चेंडूला दिलेले वळण, गतीतील फेरफार आणि प्रत्येक फलंदाजाच्या उणिवांची पक्की आठवण ही त्यांची खरी हत्यारे होती. हाताची ही खालची फेक खांद्याला तुलनेने कमी ताण देते. तरीही केवळ एवढ्यावरून त्यांच्या कामगिरीचा उलगडा होत नाही, कारण याच नियमांखाली खेळणाऱ्या इतर कोणालाही तेवढे विजय मिळाले नाहीत. त्या वर्षी अमेरिकन असोसिएशनमध्ये लुईव्हिलच्या गाय हेकर यांनी ५२, तर नॅशनल लीगमध्ये बॉस्टनच्या चार्ली बफिंटन यांनी ४८ आणि बफेलोच्या पड गॅल्विन यांनी ४६ सामने जिंकले.

आणखी एक नियम पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दुखापत झाल्याखेरीज बदली खेळाडू मैदानात आणता येत नसे. पिचर बदलायचा असल्यास आधीपासून मैदानावर असलेल्या क्षेत्ररक्षकाशी त्याची अदलाबदल करावी लागे. म्हणून दुसरा पिचर हाताशी हवा असल्यास व्यवस्थापक त्याला उजव्या क्षेत्रात उभा करीत असे.

१८८४ चा हंगाम

हा हंगाम अमेरिकन बेसबॉलच्या इतिहासात वेगळा ठरतो, कारण त्या वर्षी एकाच वेळी तीन प्रमुख लीग अस्तित्वात होत्या. नॅशनल लीग व अमेरिकन असोसिएशन यांच्या जोडीला सेंट लुईसचे धनिक हेन्री लुकस यांनी युनियन असोसिएशन ही तिसरी लीग उभारली. जुन्या लीगमध्ये ‘राखीव कलम’ लागू होते. या कलमानुसार हंगाम संपला तरी संघाचा खेळाडूवरील हक्क संपत नसे. दुसऱ्या संघाशी बोलणी करण्यास खेळाडू मोकळा नसे आणि मालक देईल तो पगार स्वीकारणे किंवा खेळ सोडणे एवढेच पर्याय त्याच्यापुढे उरत. युनियन असोसिएशनने हे कलम मानले नाही व चांगल्या खेळाडूंना जास्त पैशांची आमिषे दाखवली. १८८४ च्या उन्हाळ्यात कोणत्याही संघाला आपला खेळाडू उद्या आपल्याकडे असेल याची खात्री देता येत नव्हती.

प्रॉव्हिडन्सचे नवे व्यवस्थापक फ्रँक बॅनक्रॉफ्ट यांच्याकडे हंगामाच्या सुरुवातीला दोन उत्कृष्ट पिचर होते. रॅडबर्न हे २९ वर्षांचे, अबोल, मानी आणि मद्याची आवड असलेले गृहस्थ होते. दुसरे चार्ली स्वीनी हे सॅन फ्रान्सिस्कोहून आलेले २१ वर्षांचे तरुण होते. ७ जून रोजी स्वीनी यांनी बॉस्टनच्या १९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. नऊ डावांच्या सामन्यातील हा उच्चांक १९८६ पर्यंत कोणालाही मोडता आला नाही. या कामगिरीने स्वीनी एका दिवसात शहराचे लाडके झाले. दोघांमध्ये उघड वैर निर्माण झाले आणि संघातही दोन तट पडले.

जून सरता सरता स्वीनी यांचा हात दुखू लागला आणि त्यांच्या वाटणीचे सामनेही रॅडबर्न यांच्याकडे आले. काम वाढले, पण त्यासाठी वेगळा मोबदला नव्हता. १६ जुलै रोजी बॉस्टनविरुद्धच्या सामन्यात त्यांचा तोल सुटला. पंचाच्या एका निर्णयाने व सहकाऱ्यांच्या चुकांनी चिडून त्यांनी बेभान चेंडूफेक केली आणि कॅचर बार्नी गिलिगन यांना त्यांचे चेंडू आवरेनात. सामना हातचा गेला. जाणूनबुजून पराभव ओढवल्याचा संशय घेऊन संचालकांनी त्यांना बिनपगारी निलंबित केले.

त्यानंतर आठवडाही उलटला नाही तोच, २२ जुलै रोजी, दुसरा स्फोट झाला. फिलाडेल्फियाविरुद्ध स्वीनी पिचिंग करीत होते आणि सात डावांनंतर प्रॉव्हिडन्स ६-२ असा पुढे होता. बॅनक्रॉफ्ट यांनी स्वीनी यांना उजव्या क्षेत्रातील सायक्लोन मिलर यांच्याशी जागा बदलण्यास सांगितले. स्वीनी यांनी नकार दिला आणि ते मैदान सोडून निघून गेले. बदली खेळाडू आणण्याची सोय नसल्याने प्रॉव्हिडन्सला उरलेला सामना आठ खेळाडूंनिशी खेळावा लागला आणि संघ ६-१० असा हरला. स्वीनी यांची हकालपट्टी झाली. थोड्याच दिवसांत ते युनियन असोसिएशनच्या सेंट लुईस संघात दिसू लागले.

आठवडाभराच्या आत प्रॉव्हिडन्सने आपले दोन्ही मुख्य पिचर गमावले होते. संघ विसर्जित करावा काय, यावर संचालक गांभीर्याने विचार करू लागले. अशा वेळी निलंबित रॅडबर्न यांच्याशी बोलणी झाली. त्यांनी उरलेल्या हंगामातील पिचिंगचा जवळजवळ संपूर्ण भार उचलण्याचे मान्य केले. त्याच्या मोबदल्यात त्यांना वाढीव पैसे आणि हंगाम संपताच राखीव कलमातून मुक्तता असे दोन शब्द मिळाले. यांतील पैशांचा भाग नंतरच्या लेखनात अधिक रंगवला गेला असला, तरी दुसरी अट अधिक मोलाची होती. मालकाच्या मर्जीखेरीज संघ बदलता न येणाऱ्या खेळाडूने, संघ अडचणीत असताना, स्वतःवरील हक्क परत मागून घेतला. किंमत म्हणून त्याने आपला उजवा हात देऊ केला.

२३ जुलै ते २४ सप्टेंबर या काळात प्रॉव्हिडन्सने ४३ सामने खेळले. त्यांपैकी ४० सामन्यांत रॅडबर्न यांनी सुरुवातीपासून पिचिंग केले आणि ३६ जिंकले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात विजेतेपदाचा मुख्य प्रतिस्पर्धी असलेल्या बॉस्टनशी चार सामने झाले. चारही सामने रॅडबर्न यांनी टाकले, चारही जिंकले आणि चार सामने मिळून बॉस्टनला एकच धाव करता आली. यांतील पहिला सामना अकरा डाव चालून १-० असा सुटला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेली संघाची विजयमालिका सप्टेंबरच्या आरंभी २० सामन्यांवर पोहोचली आणि त्यांतील १८ विजय एकट्या रॅडबर्न यांचे होते.

या यशाची दुसरी बाजू मैदानाबाहेर दिसत असे. दिवसाआड, कधी रोजच, चेंडू टाकून त्यांचा हात इतका सुजे की केस विंचरण्यासाठीही तो वर नेता येत नसे, असे सांगितले जाते. सामन्याच्या दिवशी ते इतरांच्या कितीतरी आधी मैदानावर येत. प्रथम काही फुटांवरून हलकेच चेंडू टाकत, मग थोडे थोडे मागे सरकत, आणि अखेरीस मैदानाच्या मध्यापलीकडून फेकू लागत. हात मोकळा होण्यास बराच वेळ लागे. तो मोकळा झाला की सहकारी निश्चिंत होत.

प्रॉव्हिडन्सने ८४ विजय व २८ पराभवांसह, दुसऱ्या क्रमांकावरील बॉस्टनपेक्षा साडेदहा सामन्यांच्या आघाडीने, नॅशनल लीगचे विजेतेपद मिळवले. हंगामाअखेर रॅडबर्न यांच्या नावे ७३ सामन्यांची सुरुवात होती आणि त्या सर्व ७३ सामन्यांत त्यांनी शेवटपर्यंत पिचिंग केले होते. ११ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव मिळाली नाही. ४४१ फलंदाज स्ट्राइकआउट झाले. नऊ डावांमागे दिलेल्या अर्जित धावांची सरासरी १.३८ होती. त्यांनी टाकलेले डाव ६७८ पूर्णांक दोन तृतीयांश भरतात. म्हणजे त्या एका उन्हाळ्यात ते चौकटीत उभे असताना प्रतिस्पर्धी संघांचे २,०३६ गडी बाद झाले. प्रमुख लीगमध्ये एका हंगामात याहून अधिक डाव केवळ सिनसिनाटीच्या विल व्हाइट यांनी, १८७९ मध्ये टाकले. ते ६८० होते.

१८८४ ची जागतिक मालिका

हंगाम संपल्यावर नॅशनल लीगचा विजेता प्रॉव्हिडन्स आणि अमेरिकन असोसिएशनचा विजेता न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्स यांच्यात तीन सामन्यांची मालिका ठरली. दोन लीगच्या विजेत्यांमधील अशा लढतींच्या परंपरेची ही सुरुवात मानली जाते. २३, २४ आणि २५ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कडाक्याच्या थंडीत हे सामने झाले. तिन्ही सामन्यांत प्रॉव्हिडन्सचे पिचर रॅडबर्न हेच होते.

पहिला सामना ६-० असा सुटला. दुसऱ्यात जेरी डेनी यांच्या होम रनमुळे प्रॉव्हिडन्सने ३-१ अशी बाजी मारली आणि मालिकेचा निकाल लागला. तिसरा सामना निव्वळ उपचार उरला होता आणि थंडीमुळे प्रेक्षकही फारसे आले नव्हते. या सामन्यात न्यूयॉर्कचे प्रमुख पिचर टिम कीफ यांनी चक्क पंचाचे काम केले. प्रॉव्हिडन्सने तोही सहज जिंकला. तीन दिवसांत रॅडबर्न यांनी टाकलेल्या २२ डावांत न्यूयॉर्कला एकही अर्जित धाव मिळाली नाही.

५९ की ६०?

रॅडबर्न यांच्या विजयांच्या संख्येबाबतचा मतभेद एका सामन्याभोवती फिरतो. २८ जुलै, १८८४ रोजी फिलाडेल्फिया येथे मिलर यांनी पहिले पाच डाव टाकले, तेव्हा प्रॉव्हिडन्स पिछाडीवर होता. सहाव्या डावात फलंदाजी करताना संघाने चार धावा काढून आघाडी घेतली. त्यानंतर मिलर यांच्याऐवजी रॅडबर्न आले, उरलेल्या चार डावांत त्यांनी एकही धाव दिली नाही आणि प्रॉव्हिडन्सने सामना ११-४ असा जिंकला. विजय कोणाच्या नावे लिहावा हे तेव्हा धावलेखक आपल्या विवेकाने ठरवीत असे. अधिक परिणामकारक पिचिंग रॅडबर्न यांचे झाल्याने त्याने तो त्यांना दिला. आजच्या नियमानुसार आघाडी मिळाली त्या वेळी नोंदीवर असलेल्या मिलर यांना तो विजय मिळाला असता.

जुन्या धावलेखकाचा निर्णय कायम ठेवल्यास संख्या ६० होते. आजचा नियम मागे नेऊन लावल्यास ५९. दोन्ही आकडे प्रतिष्ठित संदर्भग्रंथांत आढळतात आणि एकूण कारकिर्दीतील विजयांची संख्याही त्यानुसार ३१० किंवा ३०९ अशी दिली जाते. सामना ज्या नियमांखाली खेळला गेला त्याच नियमांनी तो मोजावा, हा युक्तिवाद ६० च्या बाजूने जातो. मात्र ५९ हा आकडा अधिक रूढ असून एडवर्ड अकॉर्न यांनी या हंगामावर लिहिलेल्या २०१० च्या पुस्तकाच्या शीर्षकातही तोच आहे.

विक्रमाच्या टिकाऊपणावर या वादाचा काही परिणाम होत नाही. या विक्रमाच्या सर्वांत जवळ शिकागोचे जॉन क्लार्कसन पोहोचले. १८८५ मध्ये त्यांनी ५३ सामने जिंकले. विसाव्या शतकातील उच्चांक न्यूयॉर्कच्या जॅक चेस्ब्रो यांचा असून तो ४१ विजयांचा आहे (१९०४). १९६८ मध्ये डेट्रॉइटच्या डेनी मॅक्लेन यांनी ३१ सामने जिंकले, त्यानंतर कोणीही तिशी गाठलेली नाही. आज एखादा पिचर संपूर्ण हंगामात जेमतेम ३३ सामन्यांची सुरुवात करतो.

उत्तरार्ध

ठरल्याप्रमाणे रॅडबर्न यांना राखीव कलमातून मोकळे करण्यात आले. बाहेर जाण्याची मुभा हाती असतानाही त्यांनी १८८५ साठी प्रॉव्हिडन्सशीच नवा करार केला. मात्र हात पूर्वीसारखा राहिला नव्हता. त्या वर्षी त्यांनी २८ सामने जिंकले व २१ गमावले. संघाची आर्थिक स्थितीही ढासळली आणि १८८५ च्या अखेरीस प्रॉव्हिडन्स ग्रेज संघ संपुष्टात आला.

१८८६ पासून रॅडबर्न बॉस्टन बीनईटर्सकडून खेळू लागले. त्या हंगामाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये दोन्ही संघांचे एकत्र छायाचित्र काढण्यात आले. त्यात मागच्या रांगेत उभे असलेले रॅडबर्न हाताचे मधले बोट दाखवताना दिसतात. हा अपमानकारक हावभाव टिपलेले हे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र असल्याचे मानले जाते.

बॉस्टनमध्ये पहिल्या वर्षी २७ आणि दुसऱ्या वर्षी २४ विजय मिळाले. १८८७ मध्ये नियम बदलले. पिचरला आता चौकटीत धावता किंवा उडी घेता येईना. मागच्या रेषेवर एक पाय ठेवून एकच पाऊल टाकण्याचे बंधन आले. रॅडबर्न यांची सगळी लय पावलांवर उभी असल्याने त्यांना हा बदल जड गेला. १८८८ मध्ये त्यांना केवळ ७ विजय मिळाले. पुढच्या वर्षी २० विजयांसह त्यांनी उभारी धरली.

१८९० मध्ये खेळाडूंच्या संघटनेने मालकांविरुद्ध बंड करून स्वतःची प्लेयर्स लीग स्थापन केली. राखीव कलमाला विरोध हे या बंडाचे मुख्य कारण होते आणि रॅडबर्न यांचे प्रॉव्हिडन्समधील जुने सहकारी वॉर्ड हे त्याचे नेते होते. सहा वर्षांपूर्वी एका खेळाडूने एकट्यापुरती मिळवलेली मुक्तता आता सर्वांसाठी मागितली जात होती. रॅडबर्न या लीगच्या बॉस्टन रेड्स संघात दाखल झाले. ३५ व्या वर्षी त्यांनी २७ सामने जिंकले, १२ गमावले आणि संघाने विजेतेपद पटकावले. आर्थिक कारणांमुळे ही लीग एकाच हंगामानंतर बंद पडली.

१८९१ मध्ये ते सिनसिनाटी रेड्सकडून खेळले. ११ विजय व १३ पराभवांच्या या अखेरच्या हंगामात त्यांनी ३०० विजयांचा टप्पा ओलांडला. हंगाम संपण्यापूर्वीच संघाने त्यांना मोकळे केले आणि ते निवृत्त झाले. कारकिर्दीत सुरुवात केलेल्या ५०२ सामन्यांपैकी ४८८ सामने त्यांनी स्वतः पूर्ण केले होते.

अखेरची वर्षे

निवृत्तीनंतर रॅडबर्न ब्लूमिंग्टनला परतले आणि त्यांनी तेथे बिलियर्ड्सचे टेबल असलेले मद्यगृह चालवले. प्रॉव्हिडन्समध्ये भाड्याने खोल्या देणाऱ्या कॅरी स्टॅनहोप या विधवेशी त्यांचे जुने संबंध होते. पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या.

एप्रिल १८९४ मध्ये शिकारीला गेले असताना एका मित्राच्या बंदुकीचे छर्रे त्यांच्या चेहऱ्यावर बसले. डावा डोळा कायमचा गेला, चेहऱ्याच्या काही भागाला पक्षाघात झाला आणि बोलणेही अडखळू लागले. विद्रूप झालेला चेहरा लोकांना दिसू नये म्हणून ते आपल्याच मद्यगृहाच्या मागील अंधाऱ्या खोलीत बसून राहत. पुढे उपदंशामुळे मेंदूवर परिणाम होऊन त्यांची प्रकृती झपाट्याने खालावली. ५ फेब्रुवारी, १८९७ रोजी ब्लूमिंग्टन येथे वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गावातील एव्हरग्रीन दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

चार्ली स्वीनी यांचा शेवटही सुखाचा झाला नाही. सेंट लुईसला गेल्यावर त्यांचा हात लवकरच निकामी झाला. पुढे मनुष्यवधाच्या गुन्ह्याखाली त्यांना कारावास भोगावा लागला आणि १९०२ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले.

सन्मान

१९३९ मध्ये कूपर्सटाउन येथील बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये रॅडबर्न यांचा समावेश करण्यात आला. ड्युब्यूकच्या संघातील त्यांचे सहकारी कोमिस्की यांची निवडही त्याच वर्षी झाली. १९४१ मध्ये एव्हरग्रीन दफनभूमीतील त्यांच्या समाधिशिळेच्या मागील बाजूस त्यांच्या कारकिर्दीची माहिती देणारा फलक बसवण्यात आला. त्यांच्या आडनावाचे स्पेलिंग जुन्या लेखनात शेवटी ‘ई’ हे अक्षर जोडून व न जोडता अशा दोन्ही प्रकारे आढळते.